श्रावणातली कॉपी

"काका, आधी तो हात काढा तिथून!"

मी एवढ्या जोरात ओरडले की अंगणात झेंडूच्या माळा ओवत बसलेल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. राजमल्लू येमूल मात्र जागचे हलले नाहीत. पांढरं धोतर, कपाळाला कुंकवाचा ताजा टिळा, भिंतीवरच्या मेन स्विचच्या खटक्यावर पंजा, आणि नजर माझ्या खांद्यावरून मागे कुठंतरी. त्यांना मी दिसत नव्हतेच. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे नेले होते. खिडकी उघडी आहे की बंद, एवढं कळायचं.

"कारखाना तुमचा का माझा, तोडकरी मॅडम?"

"तुमचाच. पण खटका पडला की आतली डिस्क थांबणार, आणि आता थांबली तर परत फिरायची नाही. तुमच्या वडिलांचं चित्र तिच्यातच आहे, एवढं लक्षात ठेवा."

"आज खंडेनवमी आहे, तुम्हीपण एवढं लक्षात ठेवा. पूजेच्या वेळी ह्या कारखान्यात एक चाक फिरत नाही. माझ्या बापाच्या वेळेपासून नाही."

"चाक नाही हो काका, डिस्क आहे ती."

"फिरायलीय ना? मग चाकच."

मी कपाळाला हात लावला. त्यांची सून पद्मजा दारात उभी होती, हातात कोहळा, आणि तिचा चेहरा त्या कोहळ्यासारखाच पांढरा पडला होता.

मी तेव्हा सोलापुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायची. बाई असून स्क्रू-ड्रायव्हर चालवते आणि तिच्या जिभेला हाड नाही, अशी दुहेरी कीर्ती होती माझी. अक्कलकोट रोडवरच्या बऱ्याच मागवाल्यांचे कॉम्प्युटर माझ्याकडं यायचे. येमूलांचे नक्षी विणणारे चार जेकार्ड माग एकाच जुन्या कॉम्प्युटरवर चालत. त्याच्या पोटात जुनी विंडोज, आणि त्या विंडोजमध्ये नक्षी काढायचा एक प्रोग्रॅम. तो प्रोग्रॅम देणारी कंपनी केव्हाच गाशा गुंडाळून गेली होती. दुसऱ्या कुठल्या मशीनवर तो उघडत नसे, नवा मिळत नसे. म्हणजे विंडोज जगली तर नक्षी जगली, असा मामला.

आणि नक्षीही साधीसुधी नव्हती. राजमल्लूकाकांनी आयुष्यभर चादरींवर मोर, वेली, कळस काढले. त्यांच्या नक्षीच्या चादरी कुठं कुठं गेल्या. पण शेवटी डोळे जायला लागले तेव्हा त्यांनी भिंतीवर लावायच्या पडद्यासाठी स्वतःच्या वडिलांचं चित्र काढायला घेतलं. तेलंगणातून सोलापुरात आलेला, खड्ड्यातल्या हातमागावर बसलेला बाप. घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. त्यांना पाहिलेलं माणूसही काकांखेरीज कोणी उरलं नव्हतं. प्रोग्रॅममध्ये चौकटीला चौकट जोडत चित्र काढायचं असतं. नजर होती तोवर काका कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक टेकवून काढत राहिले. नजर गेल्यावर बोटांनी बाणांची बटणं मोजत, तोंडानं तेलुगूत आकडे पुटपुटत काढलं. श्रावणात म्हणाले, झालं. दसऱ्याच्या सकाळी ते मागावर चढणार होतं, भाऊबंदांना आवतण गेलेलं होतं. ते चित्र गेलं असतं तर पुन्हा काढायला डोळे कुठून आणायचे?

आणि नेमक्या खंडेनवमीच्या सकाळी पद्मजाचा फोन आला. "मॅडम, निळा पडदा यायलाय, आणि आतनं टकटक टकटक. लगेच या ओ!"

मी आले ती पेनड्राइव्हवरचं लिनक्स घेऊनच. पद्धत साधी असते. विंडोज जागी असताना तिची पुरी नक्कल करता येत नाही, ती सारखी चुळबुळ करत असते. म्हणून तिला उठवायचंच नाही. मशीन लिनक्सवर चालू करायचं आणि झोपलेल्या विंडोजला डोक्यापासून पायापर्यंत जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायची. झोपलेल्या पोराच्या अंगाचं माप घ्यावं तसं. पण हे पोर तापानं फणफणलेलं होतं. जुनी डिस्क जागोजागी खराब झाली होती. आधी नुसती चित्राची फाइल उचलायला गेले; नाव दिसलं, आत हात घातला की डिस्क कण्हायला लागली. खराब जागा नेमकी तिथंच. मग पूर्ण डिस्कची नक्कल लावली. माझा प्रोग्रॅम चांगला भाग भराभर वाचून घेतो आणि वाईट भागावर सावकाश, पुन्हा पुन्हा घासत बसतो. तेच चाललं होतं, मुंगीच्या पावलानं. आणि काका खटक्यापाशी जाऊन उभे राहिले होते.

"घरातनं वायर ओढते काका," मी म्हटलं. "कारखान्याचा खटका पाडा, फक्त हा एक कॉम्प्युटर घराच्या लाइनवर राहू द्या."

"आज कारखान्यात वीज फिरायची नाही."

"देवीला तेवढं चालतं हो."

"देवीला काय चालतं ते तुम्हाला विचारून ठरवू का आता?"

पद्मजा पुढं झाली. "मामय्या, आरतीपर्यंत तरी थांबा. मांडणीच व्हायची अजून. धोटे पुसायचेत, कातऱ्या मांडायच्यात."

सासऱ्यांसमोर तिनं कधी एवढं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. तिचा नवरा चादरींच्या प्रदर्शनासाठी नागपूरला गेलेला, नाहीतर बोलणं त्यानंच केलं असतं. काकांनी तिच्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. काही तरी बोलायचं होतं त्यांना. ते गिळून त्यांनी हात खाली घेतला.

"आरतीपर्यंत," ते म्हणाले. "आरतीला मी माझ्या हातानं पाडणार."

ते गेल्यावर मी पद्मजाला म्हटलं, "एवढी घाबरू नकोस गं. अगदीच नाही जमलं तर श्रावणातली कॉपी आहे की माझ्याकडं."

रथाच्या आदल्या दिवशीची गोष्ट. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, त्याच्या आदल्या दिवसापासूनच झाडून सगळे माग बंद असतात. मी तो आदला दिवस साधून तिच्या कॉम्प्युटरची अशीच लिनक्समधून पुरी कॉपी करून ठेवली होती. मशीन बंद असलं की मला फावतं. काकांचं चित्र त्याच आठवड्यात पुरं झालेलं होतं, म्हणजे ते त्यात होतंच. नवी डिस्क घ्यायची, ती कॉपी तिच्यावर उतरवायची, की विंडोज त्या दिवशी होती तशी उभी. मला वाटलं पोरगी सुटकेचा श्वास टाकेल.

ती दचकली. "ती नको," ती म्हणाली. "ती कॉपी नको मॅडम."

"का? चित्र आहे त्यात."

"आज आत आहे तेच पाहिजे. कसंपण करा, पण आजचंच काढा. आणि मामय्यांना त्या कॉपीचं बोलू नका. तुम्हाला देवीची शपथ आहे."

"अगं, पण चित्र तर तेच ना?"

ती माळा आणायला निघून गेली. मला राग आला. बुडणाऱ्याला दोर टाकावा आणि त्यानं रंग कुठला म्हणून विचारावं, तसलं हे. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. मी पुन्हा पडद्यापुढं बसले आणि त्या सरकणाऱ्या आकड्यांकडं बघत राहिले.

बाहेर मांडणी चालली होती. नव्या चादरीवर आडवं सूत ओढणारे धोटे, कातऱ्या, पाने, तेलाच्या पिचकाऱ्या ओळीनं मांडल्या गेल्या. कामगार मागांना हळदीकुंकू लावत फिरत होते. एकानं माझ्या लॅपटॉपलाही बोट लावलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलं. मी ते राहू दिलं. त्या घटकेला मला कुणाचीही मदत चालली असती. डिस्क मध्येच गप्प व्हायची, मग दोनदा टकटक करायची, मग पुन्हा घासायला लागायची. ती गप्प झाली की मी वाकून तिला कान लावायची. चांगला भाग सगळा उतरून आला होता. राहिला होता तो खराब पट्टा, आणि चित्र त्याच पट्ट्यात होतं.

बाहेर घंटा वाजली.

"काका!" मी खुर्चीतून उठून धावले. "थोडंच राहिलंय. तुमच्या पाया पडते, थोडंच!"

ते खटक्यापाशी पोचलेले होते. पद्मजा आरतीचं ताट घेऊन मागे. सगळे कामगार हात जोडून उभे.

"मॅडम," काका म्हणाले, "सरका."

"काका, तुमचे वडील आहेत ते!"

"ते मला माहीत नाही होय?"

आणि त्यांनी खटका पाडला. पंखे मंदावले, ट्यूब गेल्या, कॉम्प्युटरच्या खोलीतली ती बारीक घरघर खाली खाली उतरत गेली आणि थांबली. मग एकदम शंख फुंकला गेला, कोहळा फुटला, आरती सुरू झाली. मी तिथंच दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले. टाळ्या वाजवायला माझे हात उचललेच नाहीत. इतका संताप मला आयुष्यात फार थोड्या वेळा आलाय. मी त्या म्हाताऱ्याकडं बघत होते, आणि मला जे दिसलं त्यानं संताप अजूनच वाढला. काकांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. मोठं ओझं खाली ठेवल्यावर माणूस दिसतो तसे ते दिसत होते.

पूजा झाल्यावर मी जुनी डिस्क काढून घराच्या पडवीत नेली आणि माझ्या लॅपटॉपला जोडली. कारखान्यातली हत्यारं आता दसऱ्यापर्यंत चालवायची नव्हती. पण लॅपटॉप माझा होता आणि पडवी घराची होती. डिस्कनं एकदा कटकन आवाज केला, दुसऱ्यांदा केला, आणि गप्प झाली. पुन्हा लावली. काही नाही.

"गेली," मी म्हटलं. मुद्दाम काकांना ऐकू जाईल असं.

काका झोपाळ्यावर बसले होते. "गेली तर गेली," ते म्हणाले. "देवीची इच्छा."

बस, एवढं ऐकलं आणि माझी जीभ सुटली. शपथबिपथ कुठल्या कुठं गेली. "देवीची इच्छा असेल हो, पण माझी नाही! माझ्याकडं श्रावणातली कॉपी आहे. आत्ता ह्या नव्या डिस्कवर उतरवते, उद्या सकाळी तुमच्या कॉम्प्युटरात बसवते. बघू कोण अडवतंय!"

पद्मजाच्या हातातलं प्रसादाचं ताट खाली पडलं. खोबऱ्याचे तुकडे झोपाळ्याखाली घरंगळत गेले. पण मी काकांकडंच बघत होते. झोपाळा थांबला होता.

"श्रावणातली?" ते म्हणाले. "श्रावणात कधीची?"

"रथाच्या आदल्या दिवशीची."

"नमुना विणला त्याच्या आधीची?"

गणपती गेल्यावर त्यांनी चित्राचा एक हातभर तुकडा नमुना म्हणून विणून बघितला होता, चेहऱ्यापुरता. मला एवढंच ठाऊक होतं. "त्याच्या आधीचीच," मी म्हटलं.

"मी पुरं केलं त्याच आठवड्यातली?"

"होय हो. तुम्ही काय साक्ष काढताय का माझी?"

काका उठून उभे राहिले. "उतरवा," ते म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "जसं होतं तसं उतरवा मॅडम. एक चौकट इकडची तिकडं नको."

मी चक्रावले. ज्या माणसानं तासाभरापूर्वी सख्ख्या बापाचं चित्र मारून टाकलं, तो आता एका चौकटीसाठी जीव टाकत होता. पण कारण विचारायला सवड नव्हती. मी नवी डिस्क जोडली, पिशवीतून श्रावणातली कॉपी काढून जोडली, आणि लिनक्सला सांगितलं, उतरव. ते सुरू झाल्या झाल्या पद्मजानं माझा दंड धरला आणि मला स्वयंपाकघरात ओढून नेलं.

"काय केलंत ओ तुम्ही हे?" ती रडायलाच आली होती. "त्यात सगळं चुकलंय! हात कोपरात तुटलाय, मागाचा पाय हवेत आहे, चेहरा तर..." तिनं पदर तोंडाला लावला. "डोळे गेल्यावर काढलं त्यांनी ते. मोजता मोजता चुकले. आम्हाला दिसत होतं, पण बोलायचं कुणी? सगळे म्हणाले, फार छान झालंय मामय्या. मग मीच बसले. ते दुपारी झोपले की रोज थोडं थोडं नीट करायची. लग्न होऊन आले तेव्हापासनं त्यांच्या नक्षीची मागाला लागणारी भोकांची कार्डं मीच ठोकायची, त्यांचा हात मला माहीत आहे. सगळं सरळ केलं मी. आजच्या डिस्कमध्ये ते होतं. ते गेलं."

आता कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

"आणि त्यांना माहीत नाही?"

"कसं माहीत असणार! उद्या सगळे भाऊबंद येणार. ते तुटकं चित्र बघून काय तोंड होईल सगळ्यांचं! कुणीतरी बोलेल. एक पोरगं जरी हसलं, तरी मामय्या उभे मरतील." तिनं माझे दोन्ही हात धरले. "मॅडम, तुम्ही सांगा की ही कॉपीपण खराब निघाली. सगळं गेलं म्हणा. गेलेल्याचं दुःख चालतं माणसाला. हसं झालेलं चालत नाही."

काय सांगू, त्या क्षणी मला ते पटलं होतं. मी कधी गिऱ्हाइकाला खोटं सांगत नाही. चांगली डिस्क खराब सांगून नवी विकणारे मी ढीगभर पाहिलेत, त्यांच्यात बसायचं नाही म्हणून तर स्वतःचं दुकान टाकलं. पण ही पोरगी दुपारच्या झोपा मोडून सासऱ्याची लाज झाकत बसली होती, तिला नाही कसं म्हणायचं? मी म्हटलं, "बघते." हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पडवीत येऊन बसले. आकडा पुढं सरकत होता, आणि पहिल्यांदाच तो सरकू नये असं मला वाटत होतं. पण तो कुठंही न अडखळता सरळ शेवटाला गेला. चांगली कॉपी होती, माझ्याच हातची.

घरी गेले, पण जेवण गेलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी कारखान्याच्या अंगणात येमूलांचे भाऊबंद आपट्याची पानं घेऊन जमले होते. काकांनी आदल्या दिवसाचाच टिळा पुन्हा ठळक केलेला. त्यांनी खटका वर केला, पंखे फिरले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग काका म्हणाले, "तुम्ही बाहेरच थांबा सगळे. मी, सून आणि मॅडम, बाकी कुणी आत नको." आणि दार लोटून घेतलं.

मी नवी डिस्क बसवली, बटण दाबलं. काळा पडदा. मग विंडोजचं चिन्ह आलं, आणि मग तिची ती ओळखीची धून वाजली. एरवी ती ऐकली की मला कोण आनंद होतो! त्या दिवशी नाही झाला. मी प्रोग्रॅम उघडला, त्यातून चित्र उघडलं.

खरंच तुटकं होतं. मागावर बसलेला म्हातारा माणूस, पण डावा हात कोपरातच संपून पुढं पुन्हा सुरू होत होता. मागाचा एक पाय जमिनीच्या वर. चेहऱ्यात नाक एका बाजूला ढळलेलं. आणि तरी काय होतं कोण जाणे, तो माणूस आपल्याकडं बघतोय असं वाटत होतं. पद्मजा माझ्या डोळ्यांत बघत होती. सांगा की, गेलं म्हणून.

"उघडलं?" काकांनी विचारलं. प्रोग्रॅम उघडताना होणारा आवाज त्यांनी ओळखला होता. गेलं म्हणायची वेळ निघून गेली होती.

"उघडलं," मी म्हटलं.

"कसं आहे?"

मी तोंड उघडायच्या आत पद्मजा बोलली. "नीट आहे मामय्या. छान आहे सगळं."

"नाक कसं आहे?"

"नाकपण छान आहे. सरळ आहे एकदम."

काकांचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत उतरला. ते खुर्चीचा हात चाचपत हळूहळू बसले. "मग बंद करा," ते म्हणाले. "विणायचं नाही. बाहेरच्यांना चहा द्या आणि पाठवून द्या. डिस्क फुटली म्हणावं."

"मामय्या?"

"बंद कर म्हटलं ना."

मला त्या दोघांचं काहीही कळत नव्हतं. पण एक कळत होतं. ह्या घरात प्रत्येक जण दुसऱ्याला जपत होता, आणि त्यापायी त्या म्हाताऱ्याचा बाप माझ्यासमोर दुसऱ्यांदा मरत होता.

"वाकडं आहे," मी म्हटलं. "नाक वाकडं आहे काका. उजवीकडं ढळलंय."

पद्मजानं डोळे मिटून घेतले.

"किती?" काकांनी विचारलं.

"चांगलंच. मधनं मोडल्यासारखं."

काका पुढं झुकले. त्यांनी हात लांब केला, बोटं पडद्याच्या काचेला लागली आणि तिथंच राहिली. काच गुळगुळीत होती, तिच्यावर त्यांना काय लागणार! पण त्यांनी हात काढला नाही.

"नायनांचं, माझ्या बापाचं, नाक असंच होतं," ते म्हणाले. "तरणे असताना धोटा उडून बसला नाकावर. हाड मोडलं, तसंच जुळलं. सगळी पेठ त्यांना वाकड्या नाकाचा येमूल म्हणायची. भाद्रपदात नमुना विणला, मी बोट फिरवलं त्याच्यावरनं. जाड सूत असतं, कळतं बोटाला. नाक सरळ! कुणीतरी छान देखणा माणूस बसलेला माझ्या बापाच्या मागावर. माझा बाप नव्हता तो."

पद्मजानं डोळे उघडले.

"तेव्हाच कळलं मला, कुणी केलं ते. घरात एवढा चांगला हात दुसऱ्या कुणाचा आहे?" काका तिच्याकडं वळले. "कसं सांगणार होतो बिड्डा, लेकी, तुला? तू माझ्यासाठी दुपारची झोप घेईनास. तुला काय म्हणू, तू माझा बाप पुसलास म्हणून? आणि तो परका माणूस बाप म्हणून भिंतीवर तरी कसा लावू? देवीनं डिस्क बिघडवली तेव्हा म्हटलं, सुटलो. पूजा तर करायचीच होती. पण खरं सांगतो, खटका मी पूजेसाठी नाही पाडला."

"मला तर... मला तर वाटलं चुकलंय ते," पद्मजा म्हणाली. "तुम्ही कधी बोलला नाहीत, मामय्या."

"तू कधी विचारलंस?"

बाहेरून कुणीतरी दार वाजवलं. "राजमल्लू, किती उशीर रे? मुहूर्त जायलाय!"

"थांबा म्हणावं," काका म्हणाले. "मुहूर्त कुठं जात नाही." मग त्यांनी शेजारची खुर्ची थोपटली. "बस इथं. माऊस घे. काय काय चुकलंय ते सांग मला. सगळं सांग. नाक सोडून."

पद्मजा बसली. तिनं पदरानं डोळे पुसले, माऊस हातात घेतला, आणि माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

"मामय्या," ती म्हणाली, "डावा हात तुटलाय. कोपरात."

"तुटलाच असणार. त्या दिवशी दोनदा मोजणी विसरलो होतो. जोड."

"मागाचा पाय वर राहिलाय."

"किती वर? चार चौकटी?"

"सहा."

"अरे देवा. घे खाली."

असं सुरू झालं. ती सांगायची, ते कधी हसायचे, कधी स्वतःला तेलुगूत दोन शिव्या घालायचे, आणि ती चौकट चौकट हलवायची. मी खिडकीत उभी राहून ऐकत होते. माझं काम संपलं होतं, पण पाय निघत नव्हता. आज इतक्या वर्षांनी मागावरून उतरलेल्या पडद्यापेक्षा मला ती दोन डोकी आठवतात, कॉम्प्युटरच्या काचेला जवळजवळ टेकलेली. बाहेर चहाची दुसरी फेरी झाली, मग तिसरी. मुहूर्त खरंच निघून गेला आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

शेवटी पद्मजा थांबली. "आणि एक आहे मामय्या. कानाच्या खाली एकच काळी चौकट आहे. सुटून पडल्यासारखी. मागच्या वेळी काढून टाकली होती मी. आता काय करू, काढू?"

काकांनी मान वर केली.

"कुठल्या कानाच्या?" त्यांनी विचारलं.

"डाव्या."

त्यांचा हात आपोआप स्वतःच्या डाव्या कानाखाली गेला.

"तीळ होता नायनांना तिथं," ते म्हणाले. "लहानपणी खांद्यावर बसलो की बोट लावायचो मी त्याला." "मी विसरलो होतो बघ, बिड्डा. काढताना आठवला असेल, आणि नंतर साफ विसरून गेलो होतो."

आणि काका रडले. पद्मजानं त्यांना थांबवलं नाही.